दोन वैशाख

संजौली, सिमला
१० मार्च १९९३

ती. पद्मावती आत्यास,
मेघाश्रीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मेतकुटाची पुडी एकाच पाकिटातून पोचली. पुडी वाटेत फुटली होती. मुन्नूने पत्राचा कोपरा चाटून साफ केला, त्यामुळे तुझी शेवटची ओळ मला वाचताच आली नाही. आशीर्वादच असेल असं धरून चालले आहे.

इथे रुळलीस का म्हणून विचारतेस. आत्या, अडीच वर्षं झाली तरी मला नक्की सांगता येत नाही. आमच्या घरात शिरायचं तर रस्त्यावरून खाली उतरावं लागतं, म्हणजे रस्ता आमच्या छपराच्या वर. पोस्टमन आमच्या डोक्यावर उभा राहून हाक मारतो आणि मी अजूनही आधी दाराकडे धावते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसतात. ते बघायला लोक कुठून कुठून येतात आणि मी बघायला गेले की दूध उतू जातं. शेजारणी मला मद्रासी बहू म्हणतात. आम्ही मराठी म्हटलं की त्या बंबई म्हणतात, बंबई नव्हे बंगळूर म्हटलं की एकच झालं म्हणून पुन्हा मद्रासी. मागे यांच्या ऑफिसात पुण्याचे एक गृहस्थ आले होते. मोठ्या हौसेने त्यांच्याशी मराठी बोलायला गेले, तर त्यांनी यांना विचारलं की तुमची मिसेस कानडी का. तेव्हा मी नेमकी कोण हे ठरेपर्यंत रुळायचं जरा लांबच आहे.

सासूबाई मनाने फार चांगल्या. पण त्यांचं निम्मं पहाडी बोलणं मी अंदाजाने समजून घेते. परवा होळी झाली आणि काल सकाळी त्यांनी चैत्र लागला म्हणून जाहीर केलं. मी बोटं मोजली. पाडव्याला चांगले पंधरा दिवस आहेत. पण सासूला महिना शिकवायला कोण जाणार? डोंगरात सगळंच लवकर होत असेल, म्हणून सरी, बरं तर, म्हटलं आणि गप्प बसले.

आता खरं कारण. मुन्नूचं जावळ काढायचं ठरतंय. आपल्यासारखंच इथेही मूल मामाच्या मांडीवर बसतं. मला भाऊ नाही. सासूबाई म्हणाल्या, आजोबांनी यावं, त्यांच्या मांडीवर बसवू. अण्णा माझ्या लग्नाला आले नाहीत, त्यानंतर त्यांची एक ओळ नाही. हे बागायतीच्या ट्रेनिंगला तिथे होते तेव्हा अण्णांकडेच कोट शिवून घ्यायला आले आणि मला घेऊन गेले, हा राग एवढ्यात जायचा नाही, ते मला कळतं. पण मुन्नूने काय केलंय? मी त्यांना लिहू का? की माझं पत्र परत आलं तर आणखीच वाईट वाटेल? तूच सांग.

माझ्यावर जीव आहे तो तसाच असू दे.
तुझी,
मेघाश्री


जे. पी. नगर, बंगळूर
१९ मार्च १९९३

चि. सौ. मेघाश्रीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

शेवटच्या ओळीत मी मेतकुटात मीठ कमी आहे एवढंच लिहिलं होतं. आशीर्वाद दुसऱ्या ओळीत होता, तो तुला पोचला.

पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून शिवाजीनगरला गेले. दादा नेहमीप्रमाणे कटिंगच्या टेबलाशी. तुझी आई गेली तेव्हापासून तो माणसांपेक्षा कापडाशीच जास्त बोलतो, तुला ठाऊक आहे. जावळाचं सांगितलं. मान वर केली नाही, पण कात्री थांबली. मग एवढंच विचारलं की तिकडे थंडी किती, अस्तराचा कोट लागतो का. अय्यो, तीन वर्षांत तुझ्याबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न! दुकानातल्या पिराजीच्या हातून सुई पडली.

तेव्हा लगेच लिही. पण फोन करू नकोस, तो शेजारच्या दुकानात फोनला जातच नाही. आणि सोळा, सतरा अशी तारीख लिहू नकोस. त्याचा नेम तुला माहीत आहे, इंग्रजी तारीख गिऱ्हाइकाची, घरचं सगळं तिथीने. तुझं लग्न रजिस्टर ऑफिसात तारखेने झालं, हेही त्याच्या मनात आहेच. तिथी घालून आपल्या पद्धतीने बोलाव. एवढ्यानेसुद्धा तो स्वल्प विरघळेल.

मुन्नूला पापा. आत्याची आठवण मेतकूट संपेपर्यंत तरी राहो.
पद्मावती


सिमला
पाडवा, चैत्र शु. १

ती. अण्णांस,
मेघाश्रीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

किती दिवसांनी हे दोन शब्द लिहिते आहे. लिहिता लिहिता हात थांबला म्हणून शाईचा डाग पडला आहे, त्याकडे दुर्लक्ष करावं.

तुमच्या नातवाचं जावळ वैशाख वद्य दशमीला करायचं इथल्या पंडितांनी काढून दिलं आहे. त्याला तुमच्या मांडीवर बसवायचं आहे. दुसऱ्या कुणाच्या नाही. माझ्याबद्दल जे काही मनात असेल ते असू द्या, मी त्याबद्दल काही म्हणत नाही. पण त्या दिवशी या, अण्णा. तुम्ही आलात तर मला इथे माझी म्हणून एक बाजू आहे असं वाटेल.

इथे चढउतार फार आहेत, पायात बूट घालून यावं. हे सगळी सोय करतो म्हणतात, स्टेशनवर घ्यायला येतील.

पत्राची वाट पाहते.
तुमची,
मेघाश्री


शिवाजीनगर, बंगळूर
चैत्र शु. १०

चि. मेघाश्रीस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. वैशाख वद्य दशमी भिंतीवरच्या पंचांगात खूण करून ठेवली आहे. दोन दिवस आधी पोचतो. पद्माचा हयवदन रिझर्वेशन करून देणार आहे.

शाईचा डाग लिंबाने जातो. कागदावरचा जात नाही, राहू दे.

सुब्बाराव


सिमला
१७ एप्रिल १९९३

ती. अण्णांस,
नमस्कार.

काल जावळ झालं. तुम्ही आला नाहीत.

परवाच्या आदल्या दिवसापासून हे रोज स्टेशनवर जात होते. वर येणारी एकेक गाडी बघत होते. काल सकाळीही गेले. पंडित दुपारपर्यंत थांबले. सासूबाई थांबल्या, त्यांच्या माहेरची, गावची माणसं थांबली. मुन्नू भुकेने रडायला लागला. शेवटी यांच्या चुलत्यांच्या मांडीवर त्याला बसवलं. बायकांनी मला विचारलं की तुझ्या माहेरचं कुणी नाही का. मी गाडी लेट आहे म्हणून सांगितलं. दोन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

मला काही कळत नाही. येणार नव्हतात तर तसं लिहायचं होतं. येतो म्हणून का लिहिलंत? एकशेदोन ताप असताना तुम्ही बसून नवरदेवाचा कोट पुरा केला होता, मी काजं करत शेजारी होते. गिऱ्हाइकाचा दिवस तुम्ही जन्मात चुकवला नाहीत. मी गिऱ्हाईक नाही, म्हणून का?

आता येऊ नका. पुढच्या खेपेला कुणी विचारलं तर मला वडील नाहीत असं सांगेन. गाडी लेट आहे म्हणण्यापेक्षा ते सोपं आहे.

मेघाश्री


शिवाजीनगर, बंगळूर
चैत्र व. ६

चि. मेघाश्रीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अजून महिना हातात आहे, पण कापड आज आणलं म्हणून लिहितो. मुलाची मापं ताबडतोब पाठव. छाती, बाही, मानेपासून कमरेपर्यंत. झोपलेला असताना सुताने मोज आणि सुताला गाठी मारून सूतच पाकिटात घाल. आकडे लिहू नकोस, तू लहानपणापासून आकड्यात चुकतेस. पहिल्या थंडीला पुरेल असा दोन बोटं सैल शिवतो, अस्तर लाल घेतलं आहे.

तुझ्या हेतरामचं माप जुन्या वहीत सापडलं. त्याचाही एक शिवतो. त्याचा डावा खांदा थोडा उतरता आहे, तो पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आला होता. बाकी काही लक्षात आलं नाही.

रात्री तिथे किती पांघरुणं लागतात ते लिही. सासूबाईंना काय आणावं? चंदनाचा साबण चालतो का? पिराजी म्हणतो की डोंगरात कान दुखतात, कापूस न्या. मी त्याच्याकडे लक्ष देत नाही, पण कापूस घेतला आहे.

सुब्बाराव


सिमला
२१ एप्रिल १९९३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, मी काय करून बसले!

आज दुपारी अण्णांचं पत्र आलं. अजून महिना हातात आहे म्हणून लिहिलंय. मला वाटलं, त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. मग वाटलं, माझं नाही. मग त्यांची तिथी पाहिली. चैत्र वद्य षष्ठी. पत्रावरचा शिक्का बारा एप्रिलचा. इथे त्या दिवशी घरात सगळे वैशाख म्हणत होते. मी पत्र घेऊन सासूबाईंकडे गेले, त्यांनी त्यांचं पंचांग काढलं, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. शेवटी यांनी पंडितांना बोलावून आणलं. ते हसले गं. म्हणाले, आमच्याकडे पौर्णिमा झाली की नवा महिना लागतो, तुमच्याकडे दक्षिणेत अमावास्या झाली की. त्यामुळे शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच नावाचा, पण वद्य पक्षात आम्ही तुमच्यापेक्षा एक महिना पुढे. इथली वैशाख वद्य दशमी सोळा एप्रिलला झाली. आपली सोळा मेला आहे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी चैत्र लागला म्हणून सांगितलं होतं! तेव्हाच विचारायला हवं होतं. मी शहाणपणाने गप्प बसले. आणि अण्णांना बरं वाटावं म्हणून तारीख न लिहिता नुसती तिथी लिहिली. चूक कुणाची म्हणशील तर कुणाचीच नाही, आणि सगळी माझी.

पण आत्या, मी शनिवारी त्यांना पत्र लिहिलंय. काय लिहिलं ते तुलाही सांगवत नाही. मुलीने बापाला लिहू नये असं. आणि लवकर पोचावं म्हणून जास्तीचे पैसे भरून स्पीड पोस्टने टाकलंय. माझी प्रेमाची पत्रं आठ-आठ दिवस रखडतात आणि हे मात्र विमानाने गेलं असेल. पोस्टात विचारायला गेले, परत मिळत नाही म्हणाले. मग तार केली. आलेलं पत्र फोडू नका, तिथीचा घोटाळा झाला, नक्की या. तारबाबूने मला दोनदा विचारलं की पत्र फोडू नका असंच लिहायचं ना.

तू जाऊन ये. त्यांनी ते फोडलं नसेल तर तुझ्या ताब्यात घे आणि जाळून टाक. फोडलं असेल तर मला काय करावं ते कळव. मला काही सुचत नाही.

रागावलीस तरी चालेल, पण टाकू नकोस.
तुझी,
मेघाश्री


शिवाजीनगर, बंगळूर
वैशाख शु. ६

चि. मेघाश्रीस,
आशीर्वाद. वि. वि.

तार मिळाली. पाकीट मिळालं. तारेत लिहिल्याप्रमाणे फोडलं नाही. येताना बरोबर आणतो, तुझ्या हातात देतो.

मापाचं सूत अजून आलं नाही.

सुब्बाराव


जे. पी. नगर, बंगळूर
३० एप्रिल १९९३

चि. सौ. मेघाश्रीस,
आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं, आज सकाळी शिवाजीनगरला जाऊन आले. जे कळलं ते लिहिते, जे कळलं नाही तेही लिहिते.

दादा दुकानात होता. टेबलावर लाल अस्तर पसरलेलं. मी पाकीट मागितलं, तर माझ्याकडे आहे, मीच तिला देणार, एवढंच बोलला. वाचलंस का म्हणून सरळ विचारलं. फोडू नका अशी तार असताना मी कशाला फोडेन, असं मलाच उलट विचारलं. मान खालीच. मग पिराजीला बाजूला घेतलं. तो सांगतो की पाकीट मंगळवारी सकाळी आलं आणि त्या दिवशी अर्धा दिवस दुकान बंद होतं. डोकं दुखतं म्हणून दादा आतल्या खोलीत पडून होता. बुधवारी उघडलं, पण अस्तराची घडी करून फळीवर ठेवून दिली. तार आली गुरुवारी. त्या दुपारी ती घडी पुन्हा खाली उतरली. आता मंगळवारपासून गुरुवारपर्यंत त्याने पाकीट नुसतं हातात धरून ठेवलं असेल का गं? त्याला इतका दम आहे असं मला पन्नास वर्षांत कधी दिसलं नाही. पण नाही म्हणतो तर त्याला खोटं कसं म्हणू? मला काही उमगत नाही.

महिन्यांचा गोंधळ मी त्याला सगळा समजावून सांगितला. ऐकून म्हणाला की पंचांग आपलंच बरोबर. म्हणजे येणार हे नक्की. रिझर्वेशन झालं आहे, चौदाला पोचतो. तू मापाचं सूत पाठव बाई, त्याचं सगळं अडलंय.

जीव थाऱ्यावर ठेव. या म्हातारीचा तुझ्यावरचा लोभ कुठल्याच पंचांगाने कमी व्हायचा नाही.
पद्मावती


संजौली, सिमला
१८ मे १९९३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अण्णा आले. चौदा तारखेला, छोट्या गाडीतून, दोन्ही कानांत कापूस घालून. हातात ट्रंक, काखेत शिवणाची पेटी. हे वाकून नमस्कार करायला गेले, तर अण्णांनी उठवता उठवता त्यांच्या डाव्या खांद्यावर हात फिरवून पाहिला आणि अजून उतरताच आहे म्हणाले. आमच्या घराच्या पायऱ्या उतरताना माझा हात धरला. बंगळुरात कधी धरला होता ते मला आठवत नाही.

मुन्नूच्या डोक्यावर महिन्याभराचे केस उगवले आहेत, बोटभरसुद्धा नाहीत. मला ते बघून रडू येत होतं. पण परवा पहाटे सासूबाई उठल्या, चौक पुसला, पंडितांना आणि न्हाव्याला निरोप धाडला. मी विचारलं तर मलाच रागावल्या. आमची दशमी आमच्या माणसांनी केली, आज यांची दशमी आहे, ती यांनी करायला नको का, असं त्यांचं म्हणणं. मागच्या खेपेला आल्या होत्या त्या सगळ्या बायकांना पुन्हा बोलावलं. अण्णा नवं धोतर नेसून बसले, मुन्नूला मांडीवर घेतलं. त्याने लाल अस्तराचा कोट घातला होता. उकडत होतं, पण काढू देईना. न्हाव्याने चार केस कापले, बाकी अण्णांनी त्याच्या हातून कात्री घेऊन स्वतः कापले. पोर रडलं नाही. बायकांपैकी एकीने विचारलं, हे कोण? मी सांगितलं, माझे वडील, गाडी लेट होती. सगळ्याजणी हसल्या आणि मी पदराने तोंड झाकून घेतलं.

आता अण्णा आणि सासूबाई यांचं एकच चाललंय. अण्णा ज्येष्ठ लागेपर्यंत राहतो म्हणतात. सासूबाई सांगतात, ज्येष्ठ कधीच लागलाय, आता आषाढ संपेपर्यंत हलायचं नाही. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नाही, तरी रोज भांडतात. मी मध्ये पडत नाही. आत्या, मी कोण हे मला अजून सांगता येत नाही, पण पोस्टमनने हाक मारली की मी आता वर बघते.

आणि ते पाकीट. काल हे ऑफिसला गेल्यावर अण्णांनी कोटाच्या आतल्या खिशातून काढलं आणि माझ्या हातात दिलं. तारेत सांगितलंस तसं फोडलं नाही, म्हणाले. आणि खिडकीशी जाऊन डोंगर बघायला लागले.

पाकिटाची एक कड मोठ्या कात्रीने सरळ कापलेली होती. आणि ती पुन्हा शिवून टाकली होती. पांढऱ्या दोऱ्याने, बारीक धावदोरा, शेवटी दुहेरी गाठ. आत्या, हा हात मी हजारांत ओळखेन. त्याच हाताशेजारी बसून मी काजं करायला शिकले. दोन दिवस ते पत्र त्यांनी उरात धरलं असेल, आणि तार आल्यावर मुलीला लाज वाटू नये म्हणून बसून टाके घातले असतील. मला फार रडू आलं, पण मी रडले नाही. ते तिकडे तोंड करून उभे होते ते त्यासाठीच.

बरं झालं फोडलं नाहीत, एवढंच मी म्हणाले. आणि पाकीट तसंच, न उसवता, शेगडीत टाकलं. अण्णांनी साखर कमी घालून चहा मागितला.

त्यांनी ते पत्र वाचलेलं नाही. तूही तसंच धर, आणि त्यांना कधी विचारू नकोस.

तुझ्या मायेतली,
मेघाश्री